सवाष्णीच्या हातचं दातवण

सोजरबाईशी कुणी गोड बोलायला लागलं, की तिच्या मनात पहिला विचार यायचा तो हा, की हे माणूस आता काहीतरी फुकट मागणार. बहुतेक वेळा ते खरंही निघायचं, त्यामुळे ती आधीच खेकसून मोकळी व्हायची. सोलापुरात नवी पेठेच्या तोंडाशी, कासाराच्या दुकानाच्या पायरीला टेकून, गोणपाटावर तिची बैठक. पुढ्यात पितळी डबा, शेजारी कागदाच्या पुड्या, आणि तोंडानं कुणाची तरी उणीदुणी चाललेली. एखादी सासुरवाशीण म्हणाली, "मावशी, चिमूटभर जास्त घाला की," तर हिचं उत्तर तयार, "तुज्या सासूला सांग जास्त घालायला, जेवताना." बायका हसायच्या, चिडायच्या, नाक मुरडायच्या, आणि पुन्हा तिथंच यायच्या. दातवण घ्यावं तर सोजरबाईचं, हे पेठेत ठरून गेलेलं होतं.

आता ज्यांची हयात दात पांढरे करण्यात गेली त्यांना हे सांगायला हवं. त्या काळी आपल्याकडे लग्न झालेल्या बाईनं दाताला दातवण लावायचं. कपाळाला कुंकू, हाताला चुडा, तशी दाताला ही काळी पूड. नवरा गेला की तिन्ही गेली. बाई हसली की दुरूनच कळायचं, सवाष्ण आहे का नाही. आणि ही पूड करायची सवाष्णीनंच, विकायची सवाष्णीनंच. विधवेच्या हाताचा वारासुद्धा तिला लागता कामा नये, असं पेठेतल्या बायका मानत. कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण लिहिलेलं मोडतं हो, हे मोडत नाही.

म्हणून तर सोजरबाईनं महिपतीला जिवंत ठेवला होता. महिपती म्हणजे तिचा नवरा. तो कुंभारीला दुसऱ्या बाईच्या घरात राहत होता, हिच्या तोंडाकडे बघितलेलंही त्याला कैक वर्षं झाली होती, आणि हिला त्याचं नाव काढलं तरी तोंड कडू व्हायचं. पण तो तापानं फणफणलाय असं कानावर आलं, की ही डबा मिटून कुंभारीची वाट धरायची. त्या दुसऱ्या बाईच्या अंगावर काढ्याची बाटली टाकून म्हणायची, "पाज त्याला. मुडदा जगला पायजे. मेला तर माजा धंदा मेला." लोकांना वाटायचं, काय बाई ही, किती पतिव्रता. तिनं तो गैरसमज कधी दूर केला नाही.

दातवण ती करायची कसं, हे पाहायला मिळणं अवघड. दातवणाला मुख्य लागतो तो हिराकस, लोखंडाचा हिरवट खडा. तो बाजारात मिळायचा, नाही असं नाही. पण तो पिवळा पडलेला, ओलसर, वाळूची भेसळ केलेला. "असल्यानं दात काळं व्हत न्हाईत, तांबूस व्हत्यात, तंबाकू खाल्ल्यावानी," असं तिचं मत. म्हणून ती हिराकस घरीच करायची. लोहाराकडून कानशीनं पडलेला लोखंडाचा बारीक कीस आणायचा, सोनाराकडून गंधकाचा तेजाब. अंगणात लिंबाखाली चिनी मातीच्या बरणीत आधी पाणी, मग त्या पाण्यात तेजाबाची बारीक धार. उलटं केलं तर तोंडावर उडतं. एकदा तिनं उलटं केलं होतं, मनगटावर डाग होता. मग कीस टाकला की बरणी खदखदायची, फेस यायचा, नाकात जाणारा वास सुटायचा. त्या वेळी कुणी विडी ओढत जवळ आलं तर ती काठी घेऊन धावायची, कारण त्या वाफेला ठिणगी लागली की भडका उडतो. खदखद थांबल्यावरही तळाला थोडं लोखंड उरलेलं पाहिजे. ते संपलं की पाणी हिरवं राहत नाही, पिवळं पडत जातं. ते गाळायचं, आटवायचं, दोरा सोडून सावलीत ठेवायचं. दोऱ्यावर पोपटी खडे धरायचे, खडीसाखरेसारखे. ते टिपून लगेच झाकून ठेवायचे, नाहीतर हवेनं त्यांच्या अंगावर गंज चढतो.

या खड्यात मग हिरडा, मायफळ, लवंग, जाळलेली सुपारी. हिराकस एकटा कापडावर पडला तर नुसता पिवळट डाग पडतो, हिरडा एकटा पडला तर तपकिरी. दोघांची ओल्यात गाठ पडली की मात्र काळा, तो साबणानं जात नाही आणि राखेनंही जात नाही. याच जोडीवर शाळेतली शाई होते आणि याच जोडीवर रंगारी चंद्रकळा रंगवतात. हिराकस जास्त झाला तर लुगडं विरतं, तसा दातवणात जास्त झाला तर तोंड सोलतं. म्हणून प्रमाण तिनं कुणाला सांगितलं नाही. वैद्यही तिच्याकडून खडे न्यायचे, भाजून त्याचं तांबडं भस्म करायचे आणि रक्त आटलेल्या बायकांना मधातून चाटवायचे. कुणी पांढरीफटक पडलेली पोरगी घेऊन थेट हिच्याकडेच आलं, तर ही म्हणायची, "औषध मागताय व्हय? आदी तिला पोटभर खायाला घाला. मंग लोहाराकडं जा, तापलेलं लोखंड ज्या पाण्यात विझिवतो ते पाणी पाजा. फुकट मिळतंय. जावा." असं हे औषध सांगणं, शिव्या दिल्यासारखं.

तर अशा या बाईचं वैर जडलं ते प्रभाशी.

प्रभा ही पेठेमागच्या मुलींच्या शाळेतली मास्तरीण. ब्राह्मणाघरची, विशीतच नवरा गेलेला, केस राखलेले, पांढरं पातळ, ताठ मान. घरी सासू आणि धाकटा दीर मुकुंद. शाळेत मुली यायच्या त्यातल्या निम्म्या लग्न झालेल्या, नव्या नवरीच्या तोऱ्यात दात काळे करून बसायच्या. प्रभाबाईंना ते खपायचं नाही. दात घासून या, पांढरी पूड वापरा, ही घाण कशाला, असं त्यांचं रोज चालायचं. मुली घरी जाऊन सांगायच्या. एकेक गिऱ्हाईक गळू लागलं. सोजरबाईनं तेवढं सोसलं असतं एक वेळ. बाजारात बसणाऱ्याला गिऱ्हाईक तुटण्याची सवय असते.

पण एके दिवशी शाळा सुटताना ही डबा काखेला मारून फाटकासमोरून चालली होती. प्रभाबाई मुलींच्या घोळक्यात उभ्या होत्या. त्यांनी हिला थांबवलं, गोड आवाजात म्हणाल्या, "मावशी, जरा तोंड उघडता का?" हिला वाटलं, बाईला दाताबिताचं काही विचारायचं असेल. हिनं भाबडेपणानं तोंड उघडलं. प्रभाबाई मुलींकडे वळून म्हणाल्या, "पाहिलंत? हे असं दिसतं म्हातारपणी." आणि त्या सगळ्या पोरी हसल्या. खळखळून हसल्या. सोजरबाईनं काखेतला डबा घट्ट धरला. ती तोंड मिटून चालायला लागली, आणि घरी जाऊन रडली. तिला कुणी गोड बोललेलं का आवडायचं नाही, ते यातच आलं.

त्या साली पावसाळ्यानंतर प्रभाबाई आजारी पडल्या. जिना चढताना धाप लागायची, नखं पांढरी, चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा. सात रस्त्याला एक ख्रिस्ती डॉक्टरीण होती, तिनं तपासलं, रक्त नाही म्हणाली, आणि लोखंडाचं औषध दिलं. पिवळसर-तपकिरी पाणी, चवीला खिळा चाटल्यासारखं. सोबत काचेची नळी दिली आणि बजावून सांगितलं, हे नळीनंच ओढायचं, दाताला लागू द्यायचं नाही.

नळी घरात आली आणि सासूबाईंनी ती अंगणात फेकली. दवाखान्यातली नळी, ती आधी कुणाकुणाच्या तोंडात गेली असेल, ती सोवळ्याच्या घरात तोंडाला लावायची? छे. त्या घरात भांड्याला ओठ लावायची पद्धत नव्हतीच. पाणी असो, ताक असो, वरून ओतायचं. तसंच प्रभाबाईंनी औषध वरून ओतून घ्यायला सुरुवात केली, आणि ते दातांवरून धारेनं वाहत घशात उतरायला लागलं. वर त्या चवीनं जीव कासावीस व्हायचा. विधवेला विडा कुठला? मग तोंडात बाळहिरड्याचा तुकडा चघळायचा. आता यात पुढं काय व्हायचं होतं ते शेंबड्या पोराला कळावं, पण त्या घरात कुणी कधी दातवण केलेलं नव्हतं. थोड्याच दिवसांत प्रभाबाईंचे दात काळे पडले.

एका संध्याकाळी मुकुंद सोजरबाईच्या दारात उभा राहिला. मिलच्या हापिसात कारकून, तिशी उलटत आलेली, लग्न ठरत नव्हतं. कोटाच्या खिशातून त्यानं एक बाटली काढली.

"सोजरबाई, हे काय आहे ते बघ जरा."

"मी काय डाक्टर हाय?"

"दात काळे करणारं काही आहे का एवढंच सांग." त्यानं सगळं सांगितलं, वहिनीचा आजार, डॉक्टरीण, फेकलेली नळी, हिरडा. वहिनी म्हणते औषधानं झाले, आणि आळी म्हणते विधवेनं दातवण लावलं. त्याला काय खरं ते हवं होतं, आणि त्याहून जास्त त्याला हवं होतं ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं. "मुलीकडचे लोक येतात आणि विचारतात, तुमच्या घरची विधवा रोज बाहेर जाते म्हणे. आता वर हे. ती घरात बसली तर माझं काही होईल."

सोजरबाईनं बाटली घेतली. आत चुलीपाशी गेली, पाठमोरी झाली, कागदाच्या तुकड्यावर हिरड्याची पूड घेतली आणि वर बाटलीतला एक थेंब सोडला. थेंब पुडीला लागला आणि काळा झाला. तो काळा तिच्या रोजच्या ओळखीचा होता. म्हणजे बाई खरं बोलत होती, अगदी अक्षरन् अक्षर खरं. सोजरबाई त्या काळ्या डागाकडे बघत बसली, आणि तिच्या कानात त्या पोरींचं हसणं वाजायला लागलं. मग तिनं तो कागद चुलीत सारला.

"नुसतं लोखंडाचं पाणी हाय," ती बाहेर येऊन म्हणाली. "यानं दात काळं व्हत न्हाईत."

"मग कशानं झाले?"

"कशानं व्हत्यात? दातवणानं व्हत्यात."

"तुझ्याकडून नेलं?"

इथं ती थांबली असती तर बरं झालं असतं. "मला काय ठावं" म्हटलं असतं, तरी मुकुंदाचं काम झालंच होतं. पण तिला आपल्या मालाचा भारी ताठा. इतका पक्का काळा दुसऱ्या कुणाच्या हातून होईल आणि नाव त्याचं होईल, हे तिला लटक्या गोष्टीतसुद्धा सोसेना.

"माज्याकडनंच की," ती म्हणाली. "दुसरं कोण हाय पेठंत?"

मुकुंदानं बाटली गटारात ओतली आणि निघून गेला.

शाळेचे चालक चनबसप्पा. भुसाराचे व्यापारी, कपाळाला विभूती, मुलींनी शिकावं म्हणून पदरचे पैसे घालणारा माणूस. वाईट नव्हता, पण भितरा होता. शाळेला लोक नावं ठेवतील याची त्याला एवढी भीती, की लोक नुसते खाकरले तरी तो दचकायचा. मुकुंदानं कानावर घातल्यावर त्यानं दुसऱ्या दुपारी शाळेच्या वर्गातच बैठक बोलावली. मुलींना सुट्टी दिली. एका बाकावर तो आणि कमिटीची माणसं, भिंतीपाशी मुकुंद, मधे उभ्या प्रभाबाई. सोजरबाईला दारात बसवली होती.

"तुम्ही औषध म्हणता, ताई," चनबसप्पा म्हणाले, "आम्ही खोटं म्हणत नाही बघा. पण औषध घेऊन दात काळं झालेलं आम्ही कधी ऐकलेलं नाही."

"डॉक्टरीणबाईंना विचारा," प्रभाबाई म्हणाल्या. "नाहीतर दवाखान्यातून बाटली मागवा आणि हिरड्यावर घालून बघा. इथंच, आत्ता."

"त्या बाई ख्रिस्ती. त्यांना काय कळतंय, सवाष्ण काय आणि विधवा काय. हे ज्याचं काम त्यालाच विचारायचं." ते दाराकडे वळले. "सोजरबाई, तू दिलंस काय यांना?"

"दिलं की."

"सिद्धरामाची आण घेऊन सांग."

सिद्धराम म्हणजे सोलापूरचं ग्रामदैवत, त्याची आण म्हणजे खेळ नव्हे. सोजरबाईनं शपथेला हात उचलला आणि पुन्हा खाली घेतला. तेवढ्यात प्रभाबाई म्हणाल्या, "खोटं बोलताय तुम्ही. तुम्हाला चांगलं माहीत आहे कशानं झालंय ते."

"लई शिकलेल्या तुमी," सोजरबाई म्हणाली. आवाज चढला नाही, पण वर्गातल्या प्रत्येकाला ऐकू गेला. "माजं तोंड उगडून पोरींना दावलं हुतं न्हवं? आता तुमचं दावा की." आणि मग तिनं आण घेतली. सिद्धरामाची शपथ, म्या माज्या हातानं पुडी दिली.

प्रभाबाईंनी तोंड उघडलं नाही. त्या सगळ्यांकडे एकेकदा बघत उभ्या राहिल्या, मग छत्री घेऊन निघाल्या. त्यांची नोकरी त्याच दिवशी गेली. घरात बसवायला मुकुंद तयारच होता, पण त्या घरातही गेल्या नाहीत. ट्रंक उचलून थेट सात रस्त्याला डॉक्टरणीकडे गेल्या आणि तिथं राहून नर्सिंग शिकायला लागल्या.

सोजरबाईनं त्या दिवशी घरी पुरणपोळी केली. खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला होता. जळणाऱ्या जखमेवर कुणी फुंकर घातल्यासारखं वाटत होतं. पण दुसऱ्या दिवशी पायरीवर बसली तर सकाळपासून एक बाई फिरकली नाही. तिला वाटलं, बाजार थंड असेल. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. संक्रांत तोंडावर आलेली. संक्रांतीला बायका वाणात कुंकू द्यायच्या, बांगड्या द्यायच्या, दातवणाची पुडी द्यायच्या. तिच्या वर्षाची भाकरी त्या दिवसांवर भाजायची. दर साली सराफाच्या घरची रुक्मिणीबाई टोपलीभर पुड्या सांगायची. ती समोरून गेली, आणि मान वळवून गेली.

"रुक्मिणीबाई," हिनं हाक मारली, "वाणाचं सांगितलं न्हाई अजून?"

रुक्मिणीबाई थांबली, पण जवळ आली नाही. "तू त्या मास्तरणीला दिलंस ना?"

"दिलं की. आन् बगा, कशी अद्दल घडली."

"तिला घडली ते घडली. अगं, ज्या डब्यात हात घालून विधवेला दिलंस, त्याच डब्यातलं आमच्या सुनांना घालणार का? सौभाग्याची वस्तू ती."

सोजरबाई हबकली. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. तिचं डोकं सगळं त्या बाईला खाली बघायला लावण्यात गुंतलं होतं. आपण विधवेला दातवण विकणारी बाई झालो, हे तिला आत्ता कळलं. घाईघाईत ती म्हणाली, "त्यो डबा येगळा हुता." आणि म्हणताक्षणीच जीभ चावली, कारण डबा वेगळा म्हणजे ही विधवांसाठी वेगळा डबा ठेवते असा अर्थ झाला. संध्याकाळपर्यंत पेठभर तेच झालं होतं.

मग तिनं खरं सांगायला सुरुवात केली. पाणवठ्यावर सांगितलं, देवळाच्या पायरीवर सांगितलं, की म्या खोटं बोलले, बाई औषधानंच काळी झाली, म्या थेंब टाकून बगितला हुता. कुणी विश्वास ठेवला नाही. "धंदा बसला म्हणून आता उलटली," एकीनं म्हटलं. दुसरी म्हणाली, "म्हणजे सिद्धरामाची खोटी आण घेतलीस? मग तर तुझ्या सावलीलाही उभं राहू नये." सिद्धरामाच्या जत्रेत, जिला सोलापुरात गड्डा म्हणतात, तिथंही ती डबा घेऊन बसली. चुडेवाल्यांपुढं बायकांची झिम्मड होती, कुंकवापुढं झिम्मड होती, हिच्यापुढून बायका पोरींना पलीकडच्या अंगाला घेऊन जात होत्या. एक नवी बाई अक्कलकोटाकडून दातवण घेऊन आली होती. पिवळट, बाजारी हिराकसाचं, दात तांबूस करणारं. तिचा माल खपून गेला. सोजरबाईनं तिला आईमाईवरून शिव्या घातल्या, आणि मग आपला भरलेला डबा उचलून घरी आली.

तिला आता एकच माणूस दिसत होतं, जे बोललं तर पेठ मानेल. तिला जायचं नव्हतं. गड्डा उठला, बाकीच्या बायका वाणं वाटून मोकळ्या झाल्या, तेव्हा ती गेली.

सात रस्त्याच्या दवाखान्यात प्रभाबाई टेबलामागे पट्ट्या गुंडाळत बसल्या होत्या. सोजरबाईनं बघितलं तर बाईच्या गालावर रक्त आलेलं, नखं गुलाबी, बोलताना धाप नाही. दात मात्र तसेच.

"काय हवंय?" प्रभाबाईंनी विचारलं.

"माज्यासंगं पेठंत चला बाई. बायकांना एवडं सांगा, म्या तुमाला दिलं न्हवतं."

"तुम्हीच तर सांगितलंत, दिलं म्हणून. सिद्धरामाची आण घेऊन."

"खोटं बोलले. माजं चुकलं." हे शब्द तिच्या तोंडून याआधी कधी निघाले नव्हते, आणि निघताना तिला ते दाढ उपटल्यासारखे लागले. "तुमी बी माजं तोंड दावलं हुतं. त्येचा राग हुता. फिटलं आता, व्हय की न्हाय?"

"ते मी करायला नको होतं," प्रभाबाई म्हणाल्या. सोजरबाईला जरा धीर आला. पण त्यांनी पट्टी गुंडाळणं थांबवलं नाही. "चनबसप्पांना जाऊन सांगितलंत, खोटं बोललात म्हणून?"

सोजरबाईनं टेबलावरच्या पट्ट्यांकडे बघितलं.

"मुकुंदभाऊजींना? शाळेतल्या कुणाला?"

"सांगते की. आदी तुमी चला."

"ऐकलंय मी, पेठेत सगळ्यांना सांगितलंत, पाणवठ्यावर सांगितलंत, देवळात सांगितलंत. जिथं सांगितल्यानं माझी नोकरी परत मिळाली असती, तेवढं एकच दार राहिलं." आवाजात राग नव्हता, आणि सोजरबाईला तेच जास्त झोंबलं. भांडणारी बाई तिला चालली असती.

एवढ्यात एक बाई आपल्या लेकीला घेऊन आत आली. नवी पेठेतलीच, हळदीकुंकवाची, लेक नुकती नांदायला गेलेली आणि रक्ताविना सुकलेली. डॉक्टरणीनं आतून चिठ्ठी दिली होती. प्रभाबाईंनी त्याच तपकिरी पाण्याची बाटली भरून दिली, बरोबर काचेची नळी दिली. "हे नळीनंच घ्यायचं. दाताला लागू द्यायचं नाही, आणि वर हिरडा-सुपारी खायची नाही. लागलं तर दात काळे पडतात."

बाईनं बाटलीकडे बघितलं, मग प्रभाबाईंच्या तोंडाकडे. पांढरं कपाळ, काळे दात. ती घुटमळली आणि शेवटी तिनं विचारलंच, "बाई, तुमचं बी या औषदानंच झालं व्हय?"

सोजरबाई बाकावरून पुढं सरकली. हेच तर हवं होतं. पेठेतली बाई, तिच्या तोंडचा प्रश्न, आणि समोर औषधाची बाटली. एक "हो" म्हटलं की उद्या सगळ्या पेठेत झालं असतं. तिनं दोन्ही हात जोडून प्रभाबाईंकडे बघितलं.

प्रभाबाईंनी तिच्याकडे नीट बघून घेतलं. मग त्या बाईला म्हणाल्या, "नाही हो. माझं दातवण आहे. या बसल्यात ना, या सोजरबाईंच्या हातचं. आमच्यासारख्यांना त्या आवर्जून देतात."

त्या बाईनं लेकीला दंडाला धरून मागे ओढली, पदर सावरला, आणि सोजरबाईला शिवणार नाही अशा बेतानं भिंतीच्या कडेनं बाहेर गेली. प्रभाबाईंनी पुढची पट्टी गुंडाळायला घेतली.